बिघाड रेडिओचा, दोष बॅटरीचा

मंडळी, रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक गाडी तुमच्यापैकी कुणी चालवली असेल तर हा प्रकार नवा नाही. गाडी मस्त सुसाट चाललेली असते आणि मधेच तिची पुढची चाकं आपोआप डावीकडे वळतात. किंवा ॲक्सिलरेटर दाबला की ती दोन आचके खाते आणि जागच्या जागी गप्प उभी राहते. आजूबाजूला जमलेले सगळे तज्ज्ञ (असे तज्ज्ञ नेहमी जमतातच) एकमुखाने निदान करतात, "सिग्नल जातोय." मग अँटेना सरळ करून बघ, रिमोट डोक्यावर धरून बघ, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघ, असे उपाय सुरू होतात. शेवटचा उपाय म्हणजे नवीन रिमोट आणि रिसीव्हर विकत घेणे. तो आणला तरी गाडी आचके खातेच!

हा नुसता पोरखेळ नाही. हौशी लोकांची गाडी दीड किलोची असते आणि ताशी ५० किलोमीटर वेग सहज गाठते. एवढं वजन ताबा सुटून कुणाच्या नडगीवर आदळलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे कळणं महत्त्वाचं. आणि ते कळण्यासाठी, माझ्या मते, या गाड्यांचा इतिहास बघणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. कारण या इतिहासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. ज्याला आपण रेडिओचा बिघाड म्हणतो तो पुष्कळदा विजेचा बिघाड असतो. आणि रेडिओ जसजसा सुधारत गेला तसतसा विजेचा प्रश्न जास्तच उघडा पडत गेला.

सुरुवात करू निकोला टेस्लापासून. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या उपकरणांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी लोखंडी बोट सोडली आणि कुठलीही तार न जोडता ती चालवून दाखवली. पंखा फिरायचा, सुकाणू वळायचं, दिवे लागायचे. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला या शोधाचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९.

या बोटीतली खरी मेख अशी की बोट चालवण्याची ताकद रेडिओतून येत नव्हती. ताकद बोटीतल्याच बॅटरीतून यायची. हवेतून यायचा तो फक्त हुकूम. हुकूम वेगळा, ताकद वेगळी. आजची कुठलीही आरसी गाडी उघडून बघा, रचना हीच आहे. एकीकडे मिनिटभरात बॅटरी फस्त करायला निघालेली मोटर, आणि दुसरीकडे अगदी क्षीण सिग्नल कान देऊन ऐकणारा रिसीव्हर. एक पैलवान आणि एक कारकून, एकाच खोलीत. आपली सगळी गोष्ट या दोघांच्या भांडणाची आहे.

टेस्लाच्या काळात सिग्नल ओळखायला 'कोहिरर' नावाची नळी वापरायचे. नळीत धातूचा कीस भरलेला असे. रेडिओलहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा आणि त्यातून वीज वाहू लागायची. नंतर नळी हलवून तो पुन्हा सुटा करायला लागायचा. अडचण अशी की लहर कुणाची आहे हे या नळीला काही कळायचं नाही. त्या वेळचे ट्रान्समीटर म्हणजे चक्क विजेच्या ठिणग्या पाडणारी यंत्रं. त्यामुळे जवळपास कुठेही ठिणगी पडली की नळीच्या दृष्टीने तो हुकूमच! टेस्लाला हे चांगलं माहीत होतं. त्याने दोन वेगवेगळ्या वारंवारता एकदम आल्या तरच यंत्र हलेल अशी पद्धत काढली, आणि १९०३ साली तिचंही पेटंट मिळवलं. म्हणजे 'दुसऱ्याच्या सिग्नलमुळे माझं यंत्र हललं' ही तक्रार रिमोट कंट्रोलइतकीच जुनी आहे.

जमिनीवरची गाडी मात्र स्पेनमधली. लिओनार्दो तोरेस केवेदो या इंजिनिअरने 'टेलेकिनो' नावाचं यंत्र बनवलं आणि १९०४ साली माद्रिदमध्ये त्याने विजेवर चालणारी एक तीनचाकी रेडिओवर चालवून पाहिली. पल्ला होता २० ते ३० मीटर. पुढे १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजासमोर बोटीचा प्रयोग झाला. इलेक्ट्रिक आरसी गाडीचा मूळपुरुष शोधायचाच असेल तर तो ही तीनचाकी.

यानंतर बराच काळ हौशी लोकांचं लक्ष विमानांकडे आणि बोटींकडे होतं. खेळण्यातल्या गाडीत मावेल इतका छोटा रिसीव्हर बनायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. १९६६ साली इटलीतल्या एलेत्रोनिका जोकात्तोली या कंपनीने फेरारी २५० एलएम या गाडीचं १/१२ मापाचं रेडिओ कंट्रोल मॉडेल विकायला काढलं. पण खरा धमाका केला जपानच्या तामियाने. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांची पोर्शे ९३४ आली, आणि आरसी गाडी ही घरी बसून जोडायची, मोडायची आणि पुन्हा जोडायची वस्तू झाली. १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आली. १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी १० आली.

आता त्या काळातली एक गाडी मनातल्या मनात उघडू. आत दोन बॅटऱ्या. एक मोठी, १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. ही फक्त मोटरसाठी. दुसरी म्हणजे चार साधे पेन्सिल सेल, रिसीव्हर आणि सर्व्होसाठी. वेग कमीजास्त करायला यांत्रिक स्पीड कंट्रोलर. म्हणजे एक सर्व्हो, तो एक पितळी पट्टी संपर्कांवरून सरकवणार, आणि हळू चालवायचं तर जादाची वीज एका रेझिस्टरमध्ये जाळून टाकणार. हा रेझिस्टर इतका तापायचा की चुकून बोट लागलं तर फोड यायचा. अगदीच रानटी कारभार. पण एक गोष्ट नकळत उत्तम साधली होती: पैलवानाचं जेवण आणि कारकुनाचं जेवण वेगळं होतं.

मग त्या गाड्या बावचळायच्या का? त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण शेजारी. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गाड्यांसाठी सहाच चॅनेल होते, आणि त्यांना रंग दिलेले होते: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. अँटेनाला त्या रंगाचं फडकं लावायचं. एकाच रंगाच्या दोन गाड्या एकदम चालू झाल्या की दोन्ही वेड्या. म्हणून शर्यतीच्या ठिकाणी एक फळा असायचा, त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. तुमच्या चॅनेलचा चिमटा हातात असेल तरच रिमोट चालू करायचा. (प्रोग्रामर मंडळींनो, म्यूटेक्स यापेक्षा सोप्या भाषेत समजावता येत नाही! :-)) शिवाय याच पट्ट्यात अमेरिकेतले ट्रकवाले सीबी रेडिओवर गप्पा मारत होतेच. सिग्नल तरी कसा, तर १ ते २ मिलिसेकंद लांबीचे पल्स. दीड मिलिसेकंद म्हणजे चाकं सरळ. त्या पल्सच्या मधे कुणाचा आवाज घुसला की पल्सची लांबी चुकायची आणि सर्व्हो इमानदारीत भलतीकडे वळायचा. त्यात क्रिस्टलची जोडी. रिमोटचा क्रिस्टल आणि रिसीव्हरचा क्रिस्टल यांच्यात ४५५ किलोहर्ट्झचा फरक असायचा. दोन्हींची अदलाबदल केली की दिसायला सगळं ठीक, पण चॅनेलच हुकलेला.

दुसरं कारण गाडीच्या पोटात. त्या काळची माबुची ५४० मोटर घ्या. आत तीन भागांचा कम्युटेटर, त्याला घासणारे दोन कार्बन ब्रश. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात सहा वेळा संपर्क तुटतो आणि जुळतो. म्हणजे सेकंदाला १,५०० वेळा ठिणगीला आमंत्रण. आणि रेडिओचे पहिले ट्रान्समीटर कसे होते ते आठवा. ठिणगीचेच! थोडक्यात, रिसीव्हरपासून चार बोटांवर आपण एक छोटा ट्रान्समीटर बसवला होता आणि तो सतत सगळ्या वारंवारतांवर बोंब मारत होता.

यावरचा उपाय ठरून गेला आणि तो आजही तोच आहे. ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर, ज्यांच्यावर १०४ हा आकडा छापलेला असतो. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याच्या डब्यापर्यंत. डबा आधी पॉलिश पेपरने घासायचा, नाहीतर डाग धरत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे कपॅसिटर किरकोळ पैशात मिळतात. ठिणगीतून निघणारा उच्च वारंवारतेचा गोंगाट ते तिथल्या तिथे जिरवतात, तारांमध्ये शिरू देत नाहीत. कारण लांब तार म्हणजे गोंगाटाला मिळालेली अँटेनाच.

म्हणजे इथवर रेडिओवरचा आरोप निम्मा खरा होता. शेजारी खरंच त्रास देत होते. पण उरलेला निम्मा गोंगाट स्वतःच्याच मोटरचा होता, आणि तरी नाव शेजाऱ्याचंच निघायचं.

१९८० च्या दशकात ट्रान्झिस्टरवर, पुढे मॉसफेटवर चालणारे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आले, आणि रेझिस्टरमध्ये वीज जाळणं थांबलं. त्यांच्याबरोबर आलं बीईसी, म्हणजे रिसीव्हरची वेगळी बॅटरी काढून टाकणारं सर्किट. मोठ्या बॅटरीतूनच पाच-सहा व्होल्ट काढून रिसीव्हरला द्यायचे. चार सेलचं वजन वाचलं, शर्यतीत गाडी हलकी झाली. सगळ्यांना आनंद झाला. पण पैलवान आणि कारकून आता एकाच ताटात जेवायला बसले.

याचा परिणाम आकड्यांत बघू. स्थिर उभ्या मोटरला एकदम पूर्ण वीज दिली तर ती क्षणभर कित्येक दहा ॲम्पिअर ओढते, कारण फिरायला लागेपर्यंत तिच्यात विरोधी व्होल्टेज तयार होत नाही. समजा ४० ॲम्पिअर. बॅटरीचा अंतर्गत रोध, तारा आणि कनेक्टर मिळून ६० मिलिओहम धरा. घट झाली २.४ व्होल्ट. ७.२ चे राहिले ४.८. आता बीईसीमध्ये ७८०५ सारखा साधा रेग्युलेटर असेल तर त्याला ५ व्होल्ट द्यायला आत सुमारे ७ व्होल्ट यावे लागतात. मिळाले ४.८. तो पुढे देणार जेमतेम ३. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात नेमक्या त्याच क्षणी रिसीव्हर उपाशी! बघणाऱ्याला वाटतं, "जोरात सोडली की सिग्नल जातो." वेगाने गाडी लांब जाते हेही खरंच, त्यामुळे ते निदान पटतंही. रेग्युलेटर करणाऱ्यांनी पुढे कमी फरकावर चालणारे भाग वापरले. पण १/१२ मापाच्या ज्या शर्यती चारच सेलवर व्हायच्या, तिथे बॅटरी मुळातच ४.८ व्होल्टची. तिथल्या लोकांना रिसीव्हरसाठी पुन्हा छोटी वेगळी बॅटरी ठेवावी लागली. काढून टाकलेला पाहुणा मागच्या दाराने परत आला.

आणखी एक दुर्लक्षित भिडू म्हणजे कनेक्टर. पांढऱ्या प्लॅस्टिकचा तो जुना कनेक्टर काही महिन्यांत सैल होतो, काळा पडतो. त्याचा रोध समजा ३० मिलिओहम झाला, तर ३० ॲम्पिअरला तिथेच ०.९ व्होल्ट गेले आणि २७ वॉट उष्णता तयार झाली. आपला घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. प्लॅस्टिक वितळतं यात नवल ते काय?

आता शेवटचा अंक. ११ ऑगस्ट १९४२ रोजी अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एक पेटंट मिळालं. रेडिओवर चालणाऱ्या पाणतीराचा सिग्नल शत्रूने जाम करू नये म्हणून तो ८८ वारंवारतांवर उड्या मारत पाठवायचा, आणि दोन्ही बाजूंचा ताल पियानोच्या कागदी गुंडाळीसारख्या पट्टीने जुळवायचा, अशी कल्पना होती. अमेरिकन नौदलाने युद्धात ती वापरली नाही. पण सिग्नल एकाच जागी न ठेवता पसरवायचा हा विचार लष्करी यंत्रणांमध्ये वाढत गेला. १९८५ साली अमेरिकेच्या एफसीसीने २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे अशा तंत्रासाठी परवान्याशिवाय खुले केले. वायफाय त्यातूनच आलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. आणि २००५ सालीच स्पेक्ट्रमचा डीएक्स ६ हा २.४ गिगाहर्ट्झचा सेट विमानवाल्यांसाठी बाजारात आला. गाड्यांनीही तोच रस्ता धरला.

फरक जमीन-अस्मानाचा होता. चिमट्यांचा फळा गेला. क्रिस्टल गेले. २७ मेगाहर्ट्झला लहरीच्या पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटरची होते, त्यामुळे गाडीवरची अर्ध्या मीटरची तार ही कायम तडजोड होती. २.४ गिगाहर्ट्झला तीच पाव लांबी भरते जेमतेम ३ सेंटिमीटर. रिसीव्हर फक्त आपल्याशी 'बाइंड' केलेल्या रिमोटचंच ऐकतो. आणि मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट इतक्या वरच्या पट्ट्यात फारसा पोचत नाही.

सिग्नलचा प्रश्न सुटला म्हणायचा. तरीही गाड्या थांबतच होत्या! उलट आता नुसत्या थरथरत नव्हत्या, काही सेकंद ठार मरत होत्या. कारण जुना रिसीव्हर साधाभोळा होता. व्होल्टेज पडलं की तो एकदा चुकायचा आणि वीज आली की लगेच कामाला लागायचा. नव्या रिसीव्हरमध्ये मायक्रोप्रोसेसर आहे. व्होल्टेज साधारण साडेतीनच्या खाली गेलं की तो रीसेट होतो. वीज परत आल्यावर तो बूट होणार, मग आपला रिमोट शोधणार, मग जोडणी करणार. सुरुवातीच्या सेटमध्ये याला काही सेकंद लागायचे. ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात सेकंदाला १४ मीटर या हिशेबाने पुढे गेलेली असते. लोकांनी अर्थातच म्हटलं, "२.४ चा सिग्नल बेभरवशाचा आहे." प्रत्यक्षात रेडिओ जवळजवळ निर्दोष झाला होता. जी क्षणिक उपासमार पूर्वी एका झटक्यात लपून जायची ती आता चव्हाट्यावर आली होती. उत्पादकांनी पुढे लवकर जोडणी करणारे रिसीव्हर आणले, पण मूळ कारण विजेचंच होतं.

त्यात डिजिटल सर्व्हो आले. जुना सर्व्हो आपल्या मोटरला सेकंदाला पन्नासेक वेळा वीज देतो, डिजिटल तेच तीनशेच्या आसपास. पकड घट्ट, पण भूक मोठी. म्हणून लोक रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मोठा कपॅसिटर लावू लागले. हा उपाय चांगला आहे, पण त्याची मर्यादा मोजून घ्या. ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६ व्होल्टवरून ३.५ पर्यंत उतरताना १ ॲम्पिअर किती वेळ देईल? साधारण १२ मिलिसेकंद. म्हणजे क्षणिक खड्डा तो भरून काढेल. बीईसीच अशक्त असेल तर तो काही करू शकत नाही.

आता ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आली आहे. ब्रशच नाहीत म्हटल्यावर ठिणग्या नाहीत. पण लिथियम सेल एका मर्यादेखाली उतरला तर खराब होतो, म्हणून स्पीड कंट्रोलर व्होल्टेज बघून मोटर मुद्दाम तोडतो. जुनी निकेल बॅटरी लावून तो पर्याय लिथियमवरच राहिला, की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी आचके खाणार. आणि निदान? बरोबर ओळखलंत. "सिग्नल जातोय."

एवढा इतिहास बघितल्यावर तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. गाडी विटेवर ठेवा, चाकं अधांतरी, आणि लक्षण नीट बघा. मोटर आचके खाते पण स्टिअरिंग चालू आहे, तर रिसीव्हर जिवंत आहे. दोष बॅटरी, कनेक्टर, कट-ऑफ किंवा मोटर यांच्यात. दोन्ही एकदम मेले आणि काही वेळाने एकदम परत आले, तर रिसीव्हर उपाशी. दोन्ही उगाच थरथरतात, तर गोंगाट. आता कपॅसिटर आणि अँटेना बघा. खात्री करायची तर मोटरची जोडणी काढून नुसतं स्टिअरिंग चालवून बघा. मग स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली मधली लाल तार बाहेर काढून टेप लावा आणि रिसीव्हरला चार सेलची वेगळी बॅटरी द्या. (लाल तार तशीच ठेवून दोन्हीकडून वीज देऊ नका.) बिघाड गेला, तर रेडिओ निर्दोष आहे. ही युक्ती म्हणजे गाडीला तासाभरापुरतं १९७९ मध्ये परत नेणं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

राहता राहिला एक प्रश्न. सव्वाशे वर्षं दोष पहिल्यांदा सिग्नललाच का दिला जातो? मला वाटतं, सिग्नल बाहेरून येतो म्हणून. बाहेरच्याला नाव ठेवणं सोपं. शेजाऱ्याचा चॅनेल, टॉवर, हवामान, काहीही चालतं. बॅटरी, डाग आणि कनेक्टर मात्र आपण स्वतः जोडलेले असतात. ऑफिसात सर्व्हर पडला की पहिलं वाक्य काय असतं? "नेटवर्कचा इश्यू असेल."

तेव्हा पुढच्या वेळी गाडी थांबली तर रिमोट डोक्यावर धरण्याआधी कनेक्टरला हात लावून बघा. गरम लागला तर उत्तर तिथेच आहे.